ठराव करून वसवलेला बव्हेरिया

संस्थेच्या इतिहासाचा स्मरणिकेतला साचा ठरलेला असतो. स्थापनेची तारीख, पहिली कार्यकारिणी, पहिल्या वर्षीची वर्गणी, मधली "काही अपरिहार्य कारणांनी मंदावलेली" वाटचाल आणि शेवटी विद्यमान अध्यक्षांचा फोटो. आपल्या मंडळाचा असा इतिहास याच अंकात पुढे आहे, त्यात माझं नाव दोनदा छापलंय, तेव्हा माझी तक्रार नाही. मला संपादकांनी वेगळंच काम दिलं. दर डिसेंबरात आपण सिएटलहून बस भरून ज्या लेव्हनवर्थला जातो, त्याच्याबद्दल लिहा म्हणाले. मी विचारलं, "गावाचा इतिहास हवाय की संस्थेचा?" ते म्हणाले, "आमच्याकडे सदर 'संस्थेचा इतिहास' असंच आहे, तुम्ही बसवा कसं ते." लिहायला घेतल्यावर कळलं की बसवावं काही लागणारच नाही. लेव्हनवर्थ आज जसं दिसतं ते एका कमिटीचं काम आहे, आणि त्या कमिटीला नाव होतं, वर्ष होतं, उपसमित्यासुद्धा होत्या.

जे अजून गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिएटलहून पूर्वेला महामार्ग क्रमांक २ धरायचा, ४,०६१ फुटांवरचा स्टीव्हन्स पास ओलांडायचा आणि टमवॉटर दरीतून वेनॅची नदीच्या कडेकडेनं खाली उतरायचं. साधारण १२० मैल होतात. दरी संपते आणि एकदम समोर जर्मनी उभा राहतो. उतरती छपरं, लाकडी कोरीव सज्जे, सज्ज्यांवर उन्हाळ्यात लालभडक जिरेनियमच्या कुंड्या, भिंतींवर रंगवलेले मेंढपाळ आणि पिंपातून बिअर काढणारे गलेलठ्ठ साधू. पाट्यांची अक्षरं जुन्या जर्मन पोथीतल्यासारखी टोकदार. बँकेची पाटी तशी, पेट्रोल पंपाची तशी, मॅकडोनाल्डचीसुद्धा त्याच वळणाची. भोवती खरेखुरे, वर्षातले बरेच महिने बर्फ अंगावर वागवणारे डोंगर. आणि मध्ये अडीच हजार वस्तीचं गाव. २०२० च्या जनगणनेत २,५४२ माणसं मोजली गेली. आपल्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त गर्दी होते असं आमचे खजिनदार म्हणतात. पावती पुस्तकात मात्र ती दिसत नाही.

बसमधून उतरल्यावर भारतातून आलेले आई-वडील पहिला प्रश्न विचारतात तो हा : "इथे जर्मन लोक कधी आले?"

उत्तर असं की आलेच नाहीत. मिशिगनमधलं फ्रँकनमुथ १८४५ साली बव्हेरियातून निघालेल्या लुथरपंथी शेतकऱ्यांनी वसवलं; तिथल्या घरांमागे खरंच आजी-आजोबांची जर्मन बोली होती. लेव्हनवर्थला तसलं काही नाही. गावाचं नाव चार्ल्स लेव्हनवर्थ या गृहस्थावरून पडलं. ज्या गुंतवणूक कंपनीनं १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इथले प्लॉट पाडले, तिचे ते अध्यक्ष. त्याआधी इथल्या तुरळक वस्तीला शेजारच्या ओढ्यावरून 'आइसिकल' म्हणत. ग्रेट नॉर्दर्न रेल्वे येणार हे कळलं, म्हणून कंपनी आली. कंपनी आली म्हणून प्लॉट पडले. रेल्वे, आरागिरणी, दारूचे गुत्ते, हॉटेलं असं नेहमीच्या क्रमानं सगळं आलं. १९०६ साली रीतसर नगरपालिका झाली. लॅम्ब-डेव्हिस कंपनीची आरागिरणी राज्यातल्या बड्या गिरण्यांत गणली जाई. नदीत लाकडाचे ओंडके तरंगत यायचे आणि गावावर भुशाचा वास असायचा.

मग एकेक करून सगळं गेलं. १९२० च्या दशकात रेल्वेनं आपलं ठाणं खाली वेनॅची शहरात हलवलं. १९२६ साली गिरणी बंद पडली. १९२९ साली कॅस्केड पर्वताखालचा पावणेआठ मैलांचा नवा बोगदा सुरू झाला. त्याच सुमारास लोहमार्गही टमवॉटर दरी सोडून पलीकडच्या चमस्टिक खोऱ्यातून गेला. बोगद्याची गरज का पडली हे त्या घाटात अडकलेल्याला सांगावं लागत नाही. १ मार्च १९१० च्या पहाटे खिंडीच्या पलीकडे वेलिंग्टन स्थानकावर बर्फात खोळंबून उभ्या असलेल्या दोन गाड्यांवर हिमकडा कोसळला आणि ९६ माणसं मेली. त्यातली प्रवासी गाडी लेव्हनवर्थवरूनच वर चढली होती. एका डिसेंबरात आपलीही बस खिंडीच्या अलीकडे तीन तास उभी होती. धपाटे संपले, मग चिवडा, शेवटी तर खडीसाखर निघाली कुणाच्या तरी पर्समधून. त्या वेळी वेलिंग्टनची गोष्ट सांगायची दुर्बुद्धी मला झाली आणि मागच्या सीटवरच्या काकूंनी उरलेला वेळ रामरक्षा म्हटली.

पुढची तीस-पस्तीस वर्षं गावानं कशीबशी ढकलली. नासपती आणि सफरचंदांच्या बागा होत्या, थोडं जंगलकाम होतं. या काळातली एकच गोष्ट झळाळून उठते, ती म्हणजे स्की-उडी. नॉर्वेहून आलेल्या मॅग्नस बाके यांच्यासारख्या माणसांनी गावाबाहेरच्या टेकडीवर उडीचा उतार बांधला आणि राष्ट्रीय दर्जाच्या स्पर्धा इथे होऊ लागल्या. म्हणजे गावाला परक्या मुलखाचं खरंखुरं नातं सांगायचंच असतं, तर नॉर्वेचं सांगता आलं असतं! ते कुणी सांगितलं नाही. का, याला तर्कशुद्ध उत्तर नाही. कमिटीत बसलेल्या कुणालाही हे पटेल.

१९६० साली सिएटलकडचे दोन मित्र, टेड प्राइस आणि बॉब रॉजर्स, यांनी लेव्हनवर्थच्या वर कोल्स कॉर्नर या फाट्यावर महामार्गालगतचा एक कॅफे विकत घेतला. त्याचं नाव ठेवलं 'स्क्विरल ट्री'. या दोघांचा मुद्दा साधा होता : रस्त्यावरून एवढ्या गाड्या जातात, खाली गावात एकही थांबत नाही. तिकडे गावात बायकांच्या एका मंडळानंही हाच विषय लावून धरला होता. वॉशिंग्टन विद्यापीठाचा एक विभाग तेव्हा छोट्या गावांना आपल्या पायावर उभं राहायला मदत करायचा. त्याला बोलावलं गेलं आणि १९६२ साली 'प्रोजेक्ट लाइफ' सुरू झाला. नावाची फोड अशी, 'लेव्हनवर्थ इम्प्रूव्हमेंट फॉर एव्हरीवन', म्हणजे सगळ्यांसाठी लेव्हनवर्थची सुधारणा. आद्याक्षरं जुळवून नाव पाडण्याची खोड फक्त आपल्याकडेच आहे असं मला वाटायचं.

प्रोजेक्ट लाइफ ही माझ्या दृष्टीनं या इतिहासातली 'संस्था'. विद्यापीठानं पैसे दिले नाहीत. दिली ती पद्धत : बसा, स्वतःच्या गावाची मोजदाद करा, कागदावर उतरवा, विषयवार समित्या नेमा. पर्यटन ही त्यातली एक समिती. बाकीच्या समित्यांनी आपापली कामं केली असतील, पण इतिहासात उरली ती हीच. प्राइस आणि रॉजर्स तिच्यात होते, गावातल्या पॉलीन वॉटसनसारख्या बायकाही या कामात हिरिरीनं उतरल्या होत्या. कॅलिफोर्नियात डेन्मार्कच्या धर्तीवर सजवलेलं सॉल्व्हँग म्हणून गाव आहे, ते ही मंडळी बघून आली. फरक एवढाच की सॉल्व्हँग १९११ साली खरोखरच डॅनिश लोकांनी वसवलं होतं. लेव्हनवर्थकडे होते फक्त डोंगर. आल्प्सची आठवण करून देणारे डोंगर आहेत, मग खाली आल्प्समधलं गाव का नको, एवढाच त्यांचा युक्तिवाद. युद्ध संपून तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. जर्मनांशी लढून परतलेली माणसं त्या सभांना बसली असणार. आपण जर्मन दिसायचं हे त्यांच्या गळी कसं उतरवलं असेल, याचा विचार माझ्या मनात दर खेपेला येतो.

सुरुवात बोलाचालीवरच झाली, नियमानं नाही. मुख्य रस्त्यावर, फ्रंट स्ट्रीटवर, 'चिकमिन' नावाचं जुनं हॉटेल होतं. चिनूक व्यापारी बोलीत या शब्दाचा अर्थ धातू, पैसा. त्याच्या मालकीणबाई लाव्हर्न पीटरसन यांनी १९६५ साली दर्शनी भाग बदलून घेतला आणि नाव ठेवलं 'एडलवाइस'. आल्प्समधल्या त्या पांढऱ्या लोकरी फुलाचं गाणं असलेला 'साउंड ऑफ म्युझिक' त्याच वर्षी थेटरात लागला होता. पीटरसनबाईंनी पोस्टर बघून नाव ठेवलं असं मी म्हणत नाही, पण पर्यटकांच्या कानात ते फूल आयतंच येऊन बसलं हे खरं. पैशाचं नाव खाली उतरलं, फुलाचं चढलं आणि पैसा यायला लागला! त्यांच्यामागोमाग आणखी काही दुकानदार पुढे आले. जर्मनीत जन्मलेले हाइन्झ उल्ब्रिख्ट रचनाकार म्हणून आले आणि कामाला शिस्त लागली, म्हणजे सज्जा किती बाहेर यावा, छपराचा पन्हाळा कसा असावा, रंग कुठला चालेल आणि कुठला नाही. कर्ज ज्यानं त्यानं आपल्या इमारतीवर काढलं. सरकारी योजनेच्या भरवशावर कुणी थांबलं नाही. कार्यकारिणीत काम केलेल्या वाचकाला मी काय म्हणते ते कळेल. दुसऱ्याच्या पैशानं सजावट करायला सगळे एका पायावर तयार असतात.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती मी स्वतः पाहिली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ग्लूवाइनचा, म्हणजे मसाला घातलेल्या गरम वाइनचा, कप हातात घेऊन स्वच्छतागृह शोधताना मी फ्रंट स्ट्रीटच्या मागच्या बोळात शिरले. तिथे जर्मनी संपला होता. तांबूस विटांच्या सरळसोट भिंती, डांबरी पत्र्याची सपाट छपरं, मागच्या दारापाशी रचलेले बटाट्याचे खोके आणि वाफ सोडणारा नळ. एका भिंतीवर जुन्या जाहिरातीच्या रंगाचे पोपडे होते, अक्षर लागत नव्हतं. रेल्वेच्या काळातलं गाव तिथे तसंच उभं होतं. वर पाहिलं तर लाकडी नक्षीची महिरप भिंतीच्या कडेला येऊन अचानक थांबली होती, तिचे बोल्ट दिसत होते. मला आमच्या दादरच्या चाळीतला गणपती आठवला. समोरून सोनेरी मखर. मागे गेलं की थर्माकोलवर पेन्सिलीनं लिहिलेलं : 'डावी बाजू, वर'. मखर खोटं आहे म्हणून आरती कुणी थांबवली नव्हती.

शरद ऋतूतला पानगळीचा महोत्सव १९६४ चा, म्हणजे सजावटीच्याही आधीचा. तो सुरू झाला तेव्हा गावात जर्मन म्हणण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. होती ती पिवळी झालेली झाडं. त्यानंतर दिव्यांचा नाताळ आला, मे महिन्याचा खांब आला, राष्ट्रीय पातळीवर आदर्श गावाचा सन्मानही साठीच्या दशकाच्या अखेरीस मिळाला. मग नगरपालिकेनं जे आधी मनधरणीनं चाललं होतं ते कायद्यात घातलं. आज गावाच्या व्यापारी भागात बांधायचं, रंगवायचं किंवा पाटी लावायची तर नकाशा समितीपुढे ठेवावा लागतो. म्हणून ती मॅकडोनाल्डची पाटी तशी. १९९५ साली अक्रोडफोड्या बाहुल्यांचं संग्रहालय निघालं, १९९८ पासून ऑक्टोबरफेस्ट भरू लागला. या काळातली बाकी हकीकत तपशिलानं लिहिण्यासारखी नाही; चालू लागलेल्या संस्थेचा इतिहास नेहमीच थोडा कंटाळवाणा असतो. शेजारच्यांनी मात्र धडा घेतला. उत्तरेला विंथ्रॉप नावाच्या गावानं १९७२ साली नवा महामार्ग खुला होताना काउबॉयच्या जमान्याचा वेष चढवला. आणि १९९४ च्या उन्हाळ्यात डोंगरातले वणवे गावाच्या वेशीपर्यंत आले, तेव्हा लाकडी सज्ज्यांचं हे गाव काही दिवस खरोखरच धगीत होतं.

पुण्याजवळची लवासा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इथे थोडं थांबून बघावंसं वाटतं. तिलाही इटलीतल्या पोर्टोफिनोचा चेहरा दिला होता, रंगीत घरं, तळ्याकाठचा रस्ता, सगळं. ते शहर एका कंपनीनं वरून आखलं आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. लवासाच्या कारणांत पर्यावरणाच्या परवानग्या आहेत, जमिनी आहेत, कर्ज आहे. ते सगळं एका वाक्यात बसणारं नाही. पण लेव्हनवर्थमध्ये मुखवटा चढवला तो आधीपासून तिथे राहणाऱ्यांनी, आणि तो चढवताना प्रत्येकाला आपल्या दुकानाचं नाव बदलावं लागलं. एडलवाइसचं भाडं बुडालं असतं तर पीटरसनबाईंचंच बुडालं असतं.

एवढ्यावर हा इतिहास संपवला असता तर स्मरणिकेला शोभला असता. पण गावाला लागून आइसिकल ओढा वेनॅची नदीला मिळतो, आणि त्या संगमाशी आपली बस वळते. ती जागा वेनॅची लोकांची मासेमारीची. 'प्रोजेक्ट लाइफ'च्या आधी शंभराहून जास्त वर्षं, जून १८५५ मध्ये, अमेरिकी सरकारनं त्यांच्यासह अनेक जमातींशी तह केला. त्याच्या दहाव्या कलमात याच संगमावर सहा मैल बाय सहा मैलांची राखीव जमीन आणि मासेमारीचा हक्क लिहून दिला होता. मोजणी वेळेवर झालीच नाही. रेल्वे येऊ घातली तेव्हा मोजणी झाली ती भलतीकडे, डोंगरात. पुढे १८९४ च्या करारात तो हक्क २०,००० डॉलरला दुसऱ्या जमातीच्या नावे सोडवून घेतला गेला. ज्यांचा हक्क होता ते वेनॅची त्याविरुद्ध अर्ज करत राहिले. त्यांचे प्रमुख जॉन हार्मेल्ट १९३७ साली वारले, तोवर त्यांचे अर्ज चालूच होते. बरेच लोक कॉलव्हिलच्या राखीव प्रदेशात गेले. संगमावर मासेमारीचा त्यांचा हक्क अपील न्यायालयानं मान्य केला तो २०१० साली. आज त्याच ओढ्यावर सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. कोलंबिया नदीवरच्या ग्रँड कुली धरणामुळे सामनची वाट अडली, त्याची भरपाई म्हणून १९४० च्या आसपास ते बांधलं. शिल्लक राहिलेली जुनी गोष्ट म्हणजे ते मासे, आणि तेही हौदात वाढवलेले. बव्हेरियाच्या चित्रांत वेनॅची लोक कुठे नाहीत. कलम दहा कुठल्या पाटीवर टोकदार अक्षरात रंगवलेलं मला तरी दिसलं नाही. हे लिहू का, असं मी संपादकांना विचारलं, ते म्हणाले, "संस्थेच्या इतिहासात जमीन कुणाची ते येतंच." तेव्हा ते इथे आलं.

रेल्वेबद्दल मात्र एक गोड तळटीप आहे. ज्या रेल्वेनं गाव सोडलं, तिचा डबा २००९ पासून पुन्हा इथे थांबतो. 'आइसिकल स्टेशन' म्हणून छोटासा फलाट केला आहे, शिकागोपर्यंत जाणारी गाडी तिथे उभी राहते. पुढच्या वर्षी बसऐवजी रेल्वेनं यावं अशी सूचना वार्षिक सभेत आली होती. ती "विचाराधीन" आहे, म्हणजे काय ते सभासदांना माहीत आहे.

आता राहिलं सध्याचं. वर्षाला लाखो माणसं या अडीच हजारांच्या गावात येतात. घरं सुट्टीसाठी भाड्यानं जाऊ लागली, किमती चढल्या, आणि परगण्याच्या सरकारला २०२१ साली अशा भाड्याच्या घरांवर नियम करावे लागले. फ्रंट स्ट्रीटवर सॉसेज वाढणारी, जिरेनियमला पाणी घालणारी, दिव्यांच्या माळा सोडवणारी माणसं बरीचशी गावात राहत नाहीत.

गेल्या डिसेंबरात आपली माणसं मोजून होत नव्हती, म्हणून मी बसथांब्याजवळ उभी होते. दोन माणसं कमी भरत होती आणि ती ग्लूवाइनच्या रांगेत सापडली, हे नेहमीचंच. माझ्या शेजारी विशीतली एक मुलगी स्थानिक बसची वाट बघत होती. तिच्या पायात बर्फाचे बूट होते, अंगात फुगीर जॅकेट, आणि जॅकेटखालून भरतकामाचा हिरवा जर्मन घागरा लोंबत होता. मी विचारलं, "घर लांब आहे?" म्हणाली, "वेनॅचीला." मी विचारलं, बस कुठून जाते. तिनं हातातला फोन न बघता सांगितलं, "कॅशमीरवरून." वाटेतल्या त्या गावानं १९०४ साली आपल्या काश्मीरच्या खोऱ्यावरून नाव घेतलं आहे, ते पुन्हा कधीतरी. तिची बस आली. घागरा एका हातानं वर धरून ती चढली.